शेऱ्याचा रकाना

तीस वर्षं महालेखाकार कार्यालयात गेली,
म्हणून गाडी अडली तेव्हा
बॉनेटच्या आधी मी वही उघडली.
तारीख, वेळ, जागा, तापमान, शेरा.

अकरा एप्रिल. त्रिमूर्ती नगर, घरासमोर.
इंजिन दोन सेकंद गुरगुरलं आणि गप्प.
बारा. सुरू.
तेरा. सुरू.
एकोणीस. अजनीच्या पुलावर,
मागे बस, बसमागे अख्खं नागपूर हॉर्न वाजवत,
आणि समोर किल्लीच्या चित्राचा तांबडा दिवा
उघडझाप करत,
रोजच्याच माणसाला ओळखपत्र मागणाऱ्या
नव्या शिपायासारखा.

बॅटरी बदलली. पेट्रोल पंपावर संशय घेतला, तो निर्दोष सुटला.
खामल्याच्या इस्तारीकडे चारदा नेली
आणि चारही वेळा त्याच्या हातात
पहिल्याच फेऱ्यात सुरू.
"मॅडम, हे तं मस्त सुरू होऊन राहिली."
स्टिअरिंगखाली त्यानं यंत्र जोडलं.
"हे पण काही बोलून नाही राहिलं."
त्याचा पोऱ्या माझ्याकडे बघून हसू गिळत होता.

मी वही पुढे केली. सतरा नोंदी.
हात ग्रीसचे, म्हणून इस्तारीनं मनगटानं पानं उलटली.
"उन्हाचं नाही हे. पंचेचाळीसमध्ये चालली,
अन् पहाटेची नडली."
मग म्हणाला, "आता बंद पडली का हात नका लावू.
जशी हाये तशी ठेवा. मले फोन करा."
हे मला पटलं.
कागद जागचा हलवू नये, एवढं आम्हीही शिकलो होतो.

सव्वीस मे. सिव्हिल लाइन्स,
नेमकी माझ्याच जुन्या ऑफिसच्या फाटकासमोर.
पद्माकर डावीकडे, काळा चष्मा, मांडीवर फाइल.
इस्तारी मोपेडवर आला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून.
बॉनेट उघडलंच नाही.
नुसता वाकून बघत राहिला,
स्टिअरिंगजवळ लोंबणारा माझा जुडगा:
दाराची, कपाटाची, गच्चीची,
आणि काळ्या डोक्याची आणखी एक.
"हे कोनती?"
"ह्याच गाडीची. दुसरी. यांची."
"गॅरेजले येता तवा हा जुडगा कुठं असते?"
पर्समध्ये.
घराच्या किल्ल्या मी परक्या हातात देत नाही.

तो हसला नाही. हसायला हवं होतं.
"दोघीच्या पोटात चिप हाये, मॅडम.
गाडी विचारते, कोन हाये?
अन् दोघी एकदम सांगतात.
दुसरी लांब लोंबली तं ठीक.
जवळ झुकली का गाडी गडबडते. चोर समजते."

नऊ एप्रिलला धंतोलीतून परतलो होतो.
काचबिंदू, डॉक्टर म्हणाले, आता चालवणं बंद.
रात्री पद्माकरनं माझा जुडगा मागितला,
टेबलाशी बसून आपली किल्ली त्यात अडकवली.
कडी उघडेना. नख मोडलं.
मी भाजी चिरत होते. कुणी काही बोललं नाही.
वहीत हे नाही.
वही अकरा तारखेपासून सुरू होते.

इस्तारीनं पक्कडीनं कडी फाकवली,
काळ्या डोक्याची वेगळी काढली
आणि खिडकीतून पद्माकरच्या हातावर ठेवली,
तोच जवळ होता म्हणून.
त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली, पेनाशेजारी.
गाडी सुरू झाली.
इस्तारीनं पेट्रोलचे पन्नास घेतले, वर पाणी प्यायला.

नियमानं तिथेच लिहायला हवं होतं:
आक्षेप निकाली.

एकोणतीस मे. पहाटे पाच दहा. घरासमोर.
मी अंथरुणात होते, शेजारची उशी रिकामी.
पहिल्याच फेऱ्यात सुरू.
गिअर पडला नाही, फाटक वाजलं नाही.
चार-पाच मिनिटं इंजिन जागच्या जागी चालत राहिलं,
मग बंद.
दुपारी तापमानही लिहिलं, एकतीस.
शेऱ्याशी पेन टेकवलं,
तर शाईचा एक ठिपका पडला,
तो तसाच ठेवला आहे.