दुसरा निरोप

झिंगरूजींचा गुडघा होळीपासून
भिजल्या लाखोळीसारखा टरारलेला.
"आंगात आग हाये, पोरी. लावली कोनं?"
जवसाच्या ढेपेवर हात टेकून विचारतात.

तुमच्याच चरबीनं, मी सांगते.
पेशीच्या काठची चरबी तुटते,
तिचाच निरोप होतो:
धावा, इथं काहीतरी झालंय.
रक्त धावतं. कातडी तापते.

"मंग इजवते कोन?"

तीच. दुसऱ्या निरोपानं:
झालं, आता घरी जा.
कधीकधी तो पोचतच नाही,
पहिलाच गावभर फिरत राहतो.

ते बोट तेलात बुडवून
माझ्या तळहातावर टेकवतात.
"साठ वर्सं तेल काढलं म्या.
ते बोलते, मालूम नव्हतं."

गोळ्यांचं पाकीट ढेपेवरच राहतं.
घाणी थांबलेली.
थेंब अजून पडतोय.