गाठ न कापता

निवतीच्या बंदरावर, ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत
बाबा मांडीवर जाळं घेऊन बसलेत
आणि मी शेजारी, लॅपटॉपवर
माकडतापाच्या विषाणूचा एक कोपरा उघडून.

अकरा हजारांच्या आतबाहेर अक्षरं, चारच प्रकारची.
डीएनएसारखा जोडीदार नाही,
म्हणून हा आरएनए स्वतःशीच जोड्या लावतो,
इथे पीळ, तिथे फास,
आणि शेपटाकडे एक कडं, त्यातून त्याचंच टोक ओवलेलं.
आपल्या पेशीतलं विकर त्याला खात खात येतं
आणि त्या कड्यापाशी अडतं.
पुढचं उरतं.
उरलेलं माणसाला पुरतं.

"ह्या काय गो, भोवरो?"
"गाठ आहे, बाबा. आत्येच्या तापातली."

सगुणा आत्ये. दोडामार्गला काजूच्या बागेत मजुरीला.
फेब्रुवारी, बोंडूंचा आंबूस वास,
पोटरीवर तिळाएवढी गोचीड.
बांद्याहून फोन आला तेव्हा मी बारावीचं पाठ करत होते:
विषाणू सजीव की निर्जीव? सकारण लिहा. तीन गुण.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"सुरी लावू नको हां.
गाठ कापलंस तर जाळाच फाटता.
दोरी उलटी ढकल. आपसूक ढिली जाता."

दोन वर्षं तेच करतोय आम्ही,
फक्त बोटांऐवजी रेणू.
कड्याच्या पोटात एक खाच आहे,
पाण्याचे सात-आठ कण मावतील एवढी.
नऊशे चाळीस रेणू सोडून पाहिले, बहुतेक वाहून गेले.
एक बसला. कडं उकललं, विकर पुढे सरकलं,
आम्ही रात्री अकराला वडापाव मागवला.
तिसऱ्या दिवशी पेशीही मेल्या.
त्याने आमच्याच घड्या उसवल्या होत्या,
पेशीला जगायला लागणाऱ्या.
हे मी बाबांना सांगितलं नाही.

त्यांनी खाऱ्याने कडक झालेली एक गाठ शोधली,
थुंकी लावून ओली केली,
थोडा वेळ नुसती चिमटीत धरून ठेवली
आणि माझ्याकडे दिली. "ही तू सोड."

माझी नखं हातमोज्यांपायी बारीक कापलेली.
ऊन वाळूवरून उतरेपर्यंत ढकलत राहिले,
एकदा वाटलं, हलली.
नसेलही.
बाबांनी जाळं परत मागितलं नाही.