वाटाणे

आकुरेरीत तीनलाच अंधार पडतो.
स्टेनुन सोफ्यावर, टाचेखाली उशी,
गुडघ्यावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी.
तीच, चार आठवडे. आता ते
कुणी शिजवणार नाही.

मांडीमागचीच एक कंडरा काढून
आत ओवलीय दोरासारखी.
तिचीच, तरी नव्या घरात तिला
झोप लागत नाही,
रात्रभर ठणकत बसते.

"टाच ओढ," थॉर्गेर म्हणतो, "अजून जरा."
सत्त्याऐंशी. नव्वद.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पंच्याऐंशी.
स्टेनुन शिव्या देते, पण हळू;
शेजारच्या खाटेवर पाद्री आहेत.

हँडबॉलचं विचारलं की खांदे उडवते.
मे महिन्यात मेंढ्या व्यायला लागतील,
आणि अडलेल्या कोकरापुढे
गवतात गुडघे टेकावेच लागतात,
दोन्ही.