बाकी

सलमाबादच्या उन्हाचं एक बरं आहे,
जाळी तापवायला दिवा लागत नाही.
काच, फिल्म, जाळी, मागे स्पंज,
पत्र्याच्या दाराबाहेर धरायचं आणि चाळीस आकडे मोजायचे.
पस्तिसाला थांबलात तर नळाखाली सगळं वाहून जातं,
पंचेचाळिसाला बारीक रेघा मिटतात.
मी मराठीत मोजते.
मफिजुल बांगलात मोजतो
आणि दरवेळी माझ्या दोन आकडे आधी पोचतो.

फ्रिजमध्ये इमल्शनचा डबा, शेजारी लबनची बाटली.
जून ते सप्टेंबर शाई जाळीतच वाळते,
एक हात ओढून दुसरा ओढेपर्यंत भोकं बुजलेली.
मामा जयसिंगपूरला साखरेच्या पोत्यांवर छापायचा.
रबर तिरकं धर पोरी, म्हणायचा,
शाईला उतरायला वेळ दे.
मामा, शाईला देईन,
भाड्याचा चेक थांबत नाही.

जाळी कितीही धुवा, धुरकट काहीतरी राहतंच.
उजेडासमोर धरली की दिसतं:
शवर्म्याचं दुकान, शाळेचं गॅदरिंग,
डिसेंबरातला लाल-पांढरा करवती झेंडा,
आणि ते अरबी नाव,
जे मी तीनशे टोप्यांवर उलटं छापलं होतं.
शेजारचा एसीवाला हाजी मक्की टोपी फिरवून बघत म्हणाला होता,
काही बिघडत नाही, आरशासमोर घालतील.

नजमत अल-साहिल काँट्रॅक्टिंगचे बारा डझन शर्ट,
नारिंगी, पाठीवर दोन लिप्यांत नाव,
न्यायला कुणी आलं नाही.
फोन आधी वाजायचा.
मग वाजेनासा झाला.
डझनाची बारा खोकी दारामागे रचलेली,
मफिजुल त्यांच्यावर बसून जेवायचा,
पाय लोंबकळत.

एका बुधवारी संध्याकाळी पाच जण आले.
पुढे लिंगय्या, त्याच्या मागे टेकबहादूर,
बाकीचे उंबऱ्याबाहेर चपला काढून.
पाच महिने पगार नाही.
पण शुक्रवारी मॅच आहे.
"ते शर्ट आमच्याच मापाचे आहेत, मॅडम."

होतेच.
मार्चमध्ये मापं त्यांनीच पाठवली होती,
छातीभोवती सुतळी धरून, गाठी मारून.

"नाव तेवढं झाका."

झाकणं सोपं नसतं.
पांढऱ्यावर काळा पट्टा, वाळव,
पुन्हा पट्टा, पुन्हा वाळव.
आणि पट्ट्यावर काय?
लिंगय्यानं टेकबहादूरकडे पाहिलं,
टेकबहादूरनं पंख्याकडे.
मफिजुल रबर पुसता पुसता म्हणाला, बाकी.

सगळे हसले. कुणाला अर्थ सांगावा लागला नाही.
माझ्या वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी तो शब्द आहे.
भांडण झालं ते लिपीवरून, चांगलं अर्धा तास.
शेवटी हाजी मक्की पाना खाली ठेवून आला,
हात पँटला पुसले, अरबीत लिहून दिलं
आणि म्हणाला, आमच्यात हा शब्द
जे टिकून राहतं त्यालाही लावतात.
कंपनीच्या नावाची जाळी मी धुतली,
तिच्यावरच हे उतरवलं.
फिल्म तीनदा तपासली. सुलटी होती.

बारा शर्ट. अकरा आणि एक राखीव.
पट्ट्याखालचं नाव दिसत नव्हतं,
बोट फिरवलं की लागत होतं.
लिंगय्यानं फिरवून पाहिलं
आणि घडी घातली.

शुक्रवारी ते एकोणीस धावांनी हरले.
टेकबहादूरनं एक झेल सोडला,
रेतीत पडला आणि पडल्या पडल्याच हसला म्हणे.

शनिवारी एका नव्या लाँड्रीचं काम आलं.
जाळी पुन्हा धुतली, उन्हात धरली,
तेवीस, चोवीस,
मफिजुल सव्वीसवर.

ढिगात आता एक खोकं कमी आहे.
जेवायला बसला की
त्याचे पाय जमिनीला टेकतात.