काळी बाजू आत

घरघर गेली आणि दिवा आला.

आठ आठवडे डावं पुढचं चाक भरडत होतं,
साठच्या वर गेलं की बोलणं बंद पाडायचं.
गाडीत मी एकटीच असते, तरी बोलते:
पुढचं घर कुणाचं, इन्सुलिन किती, कुत्रा बांधलेला असेल ना.
वायदोतासने त्याच्या शेडमध्ये बेअरिंग बदललं,
प्रेसच्या दांड्याला अख्खा लोंबकळून.
"आता ऐक," म्हणाला.
मी चक्कर मारली. काहीच ऐकू आलं नाही.
इतकं छान काहीच नाही
मी या हिवाळ्यात ऐकलं नव्हतं.

चौथ्या किलोमीटरला, उतेनाच्या वळणावर,
पिवळा दिवा. गोलात तीन अक्षरं.

सेन्सर असणार, म्हणाला. सेन्सर बदलला.
मग वायर. मल्टिमीटर लावून
पाटरीसारखी टोकापासून टोकापर्यंत चाचपली. शाबूत.
फ्यूज. शाबूत.
शेवटी हात टेकले: "चिकटपट्टी लाव वर.
ब्रेक लागतायत ना?"

लागत होते. कोरड्या रस्त्यावर कुणाचेही लागतात.
पण मी पहाटे झरासायच्या तळ्याकाठून जाते,
जिथे रस्ता कुठला आणि बर्फ कुठला
हे सांगायला कुणी उठलेलं नसतं.
लावली पट्टी.
तिच्या कडेने उजेड गळत राहिला,
झोपलोय म्हणणाऱ्या मुलाच्या
दाराखालून येतो तसा.

तीन आठवड्यांनी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन
शेजारच्या सीटवर बसला. अंगणात मी गाडी हळू फिरवली.
पडद्यावर चार चाकांचे चार आकडे:
नऊ, नऊ, नऊ, शून्य.
"तिघं निघालेत," तो म्हणाला, "एक घरीच बसलंय."
"पण गाडी तर सरळ चाललीय."
"चाक फिरतंय गं. मोजत कुणी नाहीये."

वेळ जावा म्हणून मी त्याला सांगितलं
पानेवेझीसच्या वॉर्डातलं माझं पहिलं वर्ष.
एका म्हातारीची नाडी लागेना.
मी मनगट दाबतेय, घड्याळ बघतेय, घामाघूम,
आता ओरडणार, इतक्यात म्हातारीने डोळे उघडून विचारलं,
सूप कधी येणार?
सिस्टर स्तासे काही बोलली नाही.
करंगळीकडची माझी बोटं उचलली
आणि अंगठ्याकडे ठेवली.

वायदोतास हसला नाही.
इंजिन बंद करायला लावलं, टॉर्च घेऊन
शेडमधल्या भंगाराच्या बादलीत हात घातला,
जुनं बेअरिंग काढलं, कोपराने पुसलं.
"टाचणी आहे?"
माझ्या भेटींच्या वहीला कागदांची पिन होती, ती दिली.
एका बाजूला लावली: खाली पडली.
दुसरी बाजू काळी. तिथे
पिन उडी मारून चिकटली
आणि हलवली तरी सुटेना.

"दोन बाजू असतात," तो मला नाही,
बेअरिंगला म्हणाला.
काळ्या कड्यात चुंबकं, डोळ्याला न दिसणारी,
एकाआड एक. सेन्सर तीच मोजतो.
"काळी बाजू आत हवी. मी बाहेर बसवली."
एकवीस दिवस सेन्सर
कोऱ्या भिंतीकडे बघत होता, आणि आम्ही
त्यालाच आंधळा ठरवून बदलून आलो होतो.

दाबून बसवलेलं बेअरिंग दाबून काढलं की संपतं.
नवीन अडतीस युरो. मी देते म्हटलं.
त्याने तोंडच फिरवलं.
पंचवीस वर्षं गाड्या उघडतोय, म्हणाला,
आणि पुढचं वाक्य बर्फात थुंकून टाकलं.
मग आल्दोना बाहेर आली, शाल गुंडाळून,
म्हणाली, लग्नात अंगठीसुद्धा
यानं माझ्या भलत्याच हातात घातली होती.
तेव्हा कुठे तो हसला.
पैसे त्याचेच गेले. मी राईचा पाव नेला,
अख्खा, आणि दह्याचं चीज.

आता किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदम लागतात,
एकेक विझतो. पिवळा सर्वांत शेवटी,
जरा विचार करून.
चौथ्या किलोमीटरपर्यंत मी अजून श्वास मोजून घेते.

पट्टी काढली, पण तिचा चौकोन राहिलाय,
पुसला तरी जात नाही.
धूळ आधी तिथेच बसते.
पिन त्याने परत दिली नाही.