पागलखाना चौक

ऑटोवाल्याने आरशात पाहत विचारलं, "मानकापुरात कुठं, भाऊ?
स्टेडियम, का पागलखाना चौक?"
मांडीला मांडी लावून आम्ही सहाजण.
माझ्या पिशवीत पान्हे, पक्कड, दोन जुने पंप,
मुद्दाम आणलेले.
"कूलर दुरुस्तीला चाललो," मी सांगितलं,
कोणी विचारलं नसताना.

वीस वर्षं हेच करतो, जरीपटका ते जयताळा.
पंप बसला की कूलर नुसती गरम हवा फेकतो
आणि घरचे म्हणतात, चालू तर आहे.
मीही चालू तर होतो.
तर्रीपोह्याच्या ठेल्यावर
हसायच्या जागी हसत होतो.

मग मे महिन्यात, गोकुळपेठेत, शिडीच्या सातव्या पायरीवर
छातीत कोणी ढोल बडवावा तसं.
हात बधिर. आता गेलो.
तीनदा ईसीजी काढला, तिन्ही सरळ.
घरी सगळे खूश.
मला वाटलं, काहीतरी सापडायला हवं होतं.

साळा म्हणाला, "बे, तुले टेन्शन कायचं?
घर सोताचं, पोट्टी शिकून राहिली."
सासूने अंगारा पाठवला.
वनमाला काहीच बोलली नाही.
रात्री तीनला मी उठून बसलो की तीही उठून बसायची,
आणि एका सकाळी हत्यारांच्या पिशवीत
ऑटोचे पैसे निघाले, मोजून, जायचे आणि यायचे.

गेटवर वॉचमन म्हणाला, "बरं झालं आले!
ओपीडीतला कूलर पाणीच उचलून नाही राहिला."
मी पिशवी खाली ठेवली.
"दादा, आज माझाच कागद बनवायचा आहे."
त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं,
पिशवी आपल्या टेबलाखाली सरकवली.
"खिडकी नंबर चार. आधार कार्ड आहे ना?"

मेश्राम मॅडमनी झोप विचारली, भूक विचारली,
मग त्याच आवाजात,
"मरून जावंसं वाटतं?"
मी त्या बंद कूलरकडे बघत राहिलो.
"कधीकधी. गच्चीवर टाकीजवळ उभा असलो की."
त्यांनी पेन खाली ठेवला. दचकल्या नाहीत.
"सध्या गच्चीवरची कामं नकोत. घरी फोन लावा,
मी बोलते."
त्या आजाराचं नाव घेऊन बोलल्या,
शुगरचं घ्यावं तसं.

गोळीला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या,
मनानेच बंद करायची नाही.
पहिले दहा दिवस तोंड कोरडं, पोटात ढवळणं,
बाकी सगळं जिथल्या तिथं.
नवा वाळा आधी नुसतं पाणी पितो,
थंडावा मागाहून देतो,
तोवर गिऱ्हाईक मला शिव्या घालतं.
यावेळी गिऱ्हाईक मीच.

एकोणिसाव्या दिवशी प्रतापनगरात, तळमजल्यावर,
पॅड बदलताना वाळ्याचा वास आला.
एवढंच.
दोन उन्हाळे तो आला नव्हता
आणि येत नाही हेही मला कळलं नव्हतं.
त्या बाईंनी विचारलं, "काय झालं भाऊ?"
मी म्हणालो, धूळ गेली डोळ्यात.

दर बुधवारी एक मुलगी बोलायला बसते, माझ्या पोरीपेक्षा थोडी मोठी.
तिने वहीत दोन रकाने आखून दिलेत.
डावीकडे: कशाची भीती वाटली.
उजवीकडे: झालं काय.
"गड्डीगोदामच्या सिग्नलला चक्कर येऊन पडणार."
"पडलो नाही. घाम आला. मागचा हॉर्न वाजवत होता."
"वनमाला कंटाळून माहेरी जाणार."
"गेली. काटोलला, लग्नाला. परत आली, संत्री घेऊन."

ओपीडीतला कूलर मी तिसऱ्या खेपेला उघडला.
पंपात शेवाळ. दहा मिनिटांचं काम.
बाकावरचा एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसला होता,
वारा आला तशी त्याने गाठ जरा सैल केली.

गोळी अजून बरेच महिने, मॅडम म्हणाल्या.
मी कॅलेंडर उलटलं. तेव्हा थंडी असेल,
कूलर सगळे ताडपत्रीखाली, काम नाही, हातात पैसा नाही,
आणि मी आत्ताच घामाघूम.
वही काढून डावीकडे लिहिलं, "डिसेंबर."
उजवीकडे काय लिहू?
वनमाला म्हणाली, "येऊ तर दे त्याले."