क्रमांक आधीच नोंदलेला आहे

नागभीडला, कृषी केंद्राच्या माडीवर
माझ्याकडे अकराशे बावन्न माणसं आहेत.
खालून युरियाचा वास, वर कुरकुरता पंखा,
पडद्यावर नाव, आडनाव, गाव, वय.
मोबाइल भरल्याशिवाय रांग पुढे सरकत नाही.

गट मीच पाडते.
धान लावणारे. म्हशी असणारे.
साबण स्वतः निवडणाऱ्या.
आणून दिलेला साबण वापरणाऱ्या
(हा गट पुण्याहून मागवला होता,
तोच सगळ्यात मोठा निघाला).
एक माणूस चार गटांत राहू शकतो,
त्याला ते कळत नाही
आणि त्याचं काही दुखतही नाही.
एकदा उमाकांत बोरकुटेंना चुकून
‘गरोदर, पहिली खेप’ मध्ये टाकलं.
त्यांनी सगळे प्रश्न भरून पाठवले.
लोहाच्या गोळ्या घेता का?
कधीकधी.

जुलैत एक नाव लाल झालं.
कौतिका मडावी, बोडीटोली.
सकाळी वय एकोणीस, दुपारी त्रेसष्ट,
रात्री आठला पुरुष.
मंगळवारी चहाच पीत नाही,
बुधवारी दिवसाला पाच कप.
शेरा : प्रतिसाद विसंगत. गट बदला.
अशांसाठी आमच्याकडे एकच गट, ‘अविश्वसनीय’.
त्यात गेलेल्याला पुन्हा प्रश्न जात नाहीत,
दहा रुपयांचा रिचार्जही नाही.

मी स्कूटी काढली.
बोडीच्या पाळीवर, मोहाच्या खोडाला
सायकलच्या ट्यूबने बांधलेला मोबाइल.
रेंज तेवढीच तिथे, दोन काड्या.
खाली रोवण्यावरून आलेली माणसं,
पोटरीपर्यंत चिखल, नंबर लावून उभी.

“काहून बाई, खोटं कोन बोल्लं?
सकारी नात होती, दुपारी मी होतो,
राती बुढा. ज्याले टाइम तो सांगते.
इचारलं त सांगाव नाई का?”

मी म्हटलं, एक क्रमांक, एक व्यक्ती.
तसा नियम आहे.
कौतिकाबाईंनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“मंग पाच मोबाइल देजो.”

परत येऊन खटपट केली.
व्यक्ती जोडा : अश्विता मडावी, एकोणीस.
क्रमांक आधीच नोंदलेला आहे.
आधी शून्य लावून पाहिलं,
+९१ लावून, मधे जागा सोडून पाहिलं.
दर वेळी तेच वाक्य, तितक्याच सभ्यपणे,
जणू मीच काही चोरायला आले होते.

एक गट माझा आहे. ‘चाचणी’.
सदस्य : एक.
कुठलाही सर्व्हे आधी मला येतो,
बटणं चालतात का बघायला.
तिथे मी एकवीस वर्षांची असते, सत्तरीची असते,
ट्रॅक्टर घ्यायचा विचार करते,
दोनदा विधुर झाले आहे.
मला कोणी लाल करत नाही.
चाचणीची उत्तरं तपासत नाहीत,
मोजतही नाहीत.
रिचार्ज मात्र जातो.
माझ्याच नंबरवर एकदा आला होता,
मी कळवलं नाही.

शुक्रवारी दुकानाचं शटर पडल्यावर
ते लाल नाव बोटाने उचललं
आणि माझ्याशेजारी ठेवलं.
सदस्य : दोन.
त्यांचं म्हणणं आता पुण्याला पोचणार नाही.
हे मी बोडीटोलीत सांगितलेलं नाही.
सांगणार होते. स्कूटीत पेट्रोल नव्हतं,
असं मी स्वतःला सांगते.

सव्वाआठला उत्तर आलं.
प्रश्न सातवा : आपण एकूण किती जण?
आकड्याची चौकट सोडून
खाली ‘इतर’ मध्ये लिहिलं होतं,

आत्ता सहा.
बुढा पाय धुवाले गेला,
थांबा.